आपण बाहेर थांबा

साकोलीच्या कॉलेजात, अर्थशास्त्राच्या वर्गात तो माझ्या पुढच्या बाकावर बसतो. आम्ही सगळे 'मले, तुले' करत असतो, हा मात्र पुस्तकासारखा बोलतो. आधी चष्मा वर सरकवतो, मग 'माझ्या मते' म्हणून सुरुवात करतो. कॅन्टीनमधला समोसा महागला तेव्हाही आमचं खाणं काही थांबलं नाही, तर म्हणाला, "माझ्या मते ही मागणी लवचीक नाही."

मागच्या आठवड्यात त्याचा सेमिनार होता. फळ्यावर मागणीचा वक्र काढून तो समजावत असताना दारात त्याचे वडील आले. पायांना धानाच्या बांधीतला चिखल होता, हातात डबा होता. त्यानं चष्मा सरकवला आणि म्हणाला, "आपण बाहेर थांबा."

"हो सर," म्हणत वडील मागे सरले.

वर्ग हसला. मीही हसले. त्यानं खडू ठेवला आणि बाहेर गेला.

थोड्या वेळानं सरांनी मला त्याला बोलवायला पाठवलं. दोघं व्हरांड्याच्या पायरीवर माझ्याकडे पाठ करून बसले होते.

"बा, तू मले सर काहून म्हनला?"

"इतके पोरं तुयं आयकून राहिले होते. त्यायच्यासमोर तुले नावानं कसा बोलावू?" मग वडिलांनी विचारलं, "पन ते हासले काहून? मायं काही चुकलं का?"

"तुयावर नाही हासले, बा. मायावर हासले."

आम्ही कोणावर हसलो होतो, हे त्याला चांगलं माहीत होतं. मला त्याला हाक मारवली नाही.