चंद्र जागचा हलला नाही

आमच्या ह्यांना सगळी नाटक कंपनी ढगोबा म्हणते. मी चिडले की मीही तेच म्हणते, आणि मी रोजच चिडते, त्यामुळे खरं नाव आता फक्त लाइटच्या बिलावर उरलंय. ह्यांचं काम काय, तर संगीत नाटकात ढग आणायचे, वीज पाडायची, बर्फ भुरभुरवायचा, गाणाऱ्या पऱ्यांना दोरानं वर उचलायचं आणि धडधाकट खाली ठेवायचं. मी त्याच कंपनीत कपडेपट सांभाळते. म्हणजे ह्यांनी घातलेला घोळ शेवटी धुवायला माझ्याकडेच येतो.

साध्या नाटकात धूर जरा जास्त झाला, तर नट खोकतो आणि पुढचं वाक्य बोलतो. गाण्यात खोकून कसं चालेल? एकदा राजवाड्याच्या प्रवेशात ह्यांनी पंखा उलटा लावला आणि सगळा धूर रंगमंचाऐवजी खाली वादकांच्या खड्ड्यात उतरला. व्हायोलिनवाले काका दिसेनासे झाले. थोडा वेळ नुसतेच सूर येत राहिले, मग तेही थांबले आणि धुरातून शांत आवाज आला, "ढगोबा, मी घरी जाऊ का?" पुढच्या रांगेतल्या लोकांना तो नाटकाचाच भाग वाटला. चांगल्या टाळ्या पडल्या.

पण खरा वैताग वन्स मोअरचा. दुष्ट राजा मरणाचं गाणं म्हणतो, शेवटच्या सुरावर वीज पडते, धूर होतो आणि राजा फळीच्या दारातून खाली गडप. त्या दिवशी सगळं अगदी झकास जमलं. इतकं झकास, की लोकांनी वन्स मोअर मागितला. राजा तळघरात, फळी अडकलेली, आणि धुराची पूड संपलेली. बिचारा जिन्यानं वर आला, विंगेतून चालत आत गेला, पुन्हा सगळं गाणं म्हणाला आणि पुन्हा चालत विंगेत येऊन मेला. तेव्हापासून हे प्रत्येक गोष्ट दुहेरी तयार ठेवतात. दोन विजा, दोन धूर. बर्फाचीही दोन पोती, आणि ती दोन्ही एकदमच उसवली. नायकानं 'आ' लावला होता. कागदाचा बर्फ थेट घशात. कंपनीच्या मालकीणबाईंनी त्याच दिवशी ह्यांना बजावलं, "आता एक जरी घोटाळा झाला ना ढगोबा, तर मी बाहेरून यंत्रवाले आणीन. तुम्ही घरी बसा."

मालकीणबाईंसमोर ह्यांचा आवाज कधी फुटलाच नाही. घरी येऊन मात्र मला म्हणाले, "मी घरी बसलो तर करू काय गं?" मी म्हटलं, "भांडी घासा." तोंडानं म्हटलं खरं, पण मनातून मलाही तीच काळजी. ह्या माणसाला दुसरं काहीही येत नाही हो. साधा चहा उतू घालवतात.

आता ह्यांची कामाची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हे गाणं ऐकत नाहीत, मोजतात. बोटांच्या पेरांवर अंगठा फिरत असतो आणि बरोबर जागा आली की हात चालतो. वर्षानुवर्षं ऐकलेल्या गाण्याचा अर्थ विचारला, तर सांगता येणार नाही. "अर्थात शिरलो की हात चुकतो," म्हणतात. आमची लेक कोरसमध्ये मागच्या रांगेत गाते. तिचं गाणंही ह्यांनी कधी धड ऐकलं नव्हतं. घरी ती रियाजाला बसली, की हे कप्पीला तेल घालायला बाहेर पडायचे. तिला ते लागायचं. बोलायची नाही, पण लागायचं.

मोठ्या गायिकेनं कंपनी सोडली आणि मालकीणबाईंनी लेकीला बोलावून सांगितलं, "रविवारी दुपारच्या प्रयोगात चंद्राची मुलगी तू कर. जमलं तर भूमिका तुझी. नाही जमलं तर परत मागच्या रांगेत."

नाटक असं, की चंद्राची मुलगी पृथ्वीवर एका म्हातारीकडे वाढते आणि शेवटी गात गात चंद्रकोरीवर बसून परत वर जाते. ती कोर लाकडाची, ह्यांनीच घडवलेली, ह्यांच्याच दोराला बांधलेली. गाण्याच्या शेवटच्या कडव्याला पोरीनं कोरीवर दोनदा टाच वाजवायची आणि ह्यांनी ओढायला सुरुवात करायची. एका दोराला नवरा आणि लेक, दोघांचंही नशीब टांगलेलं. आठवडाभर मला जेवण गेलं नाही.

रविवारी मी सुईदोरा घेऊन विंगेत उभी होते. पोरगी गायला लागली आणि मी आई आहे म्हणून सांगत नाही, पण प्रेक्षकांतलं कुजबुजणं थांबलं. म्हातारीचा निरोप घेताना तिचा आवाज असा काही हलला, की मला माझ्या आईचं अंगण आठवलं. शेवटचं कडवं आलं. टक टक, टाच वाजली. मी स्वच्छ ऐकली.

चंद्र जागचा हलला नाही.

पोरीनं तीच ओळ परत घेतली. परत टाच. काही नाही. मी पलीकडच्या विंगेत पाहिलं. हे दोर दोन्ही हातांत धरून उभे, अंगठा थांबलेला, तोंड अर्धवट उघडं, आणि डोळ्यांतून धारा लागलेल्या. बाई गं, हा माणूस ऐकत बसला होता. मी हातवारे केले, पदर हलवला, कशाचा म्हणून पत्ता नाही. पोरीनं तिसऱ्यांदा ओळ घेतली आणि तिथंच गाणं संपवलं. मागून कुणीतरी ओरडलं, "आज चंद्राला सुट्टी आहे का?" हशा झाला. पडदेवाल्यानं वाट पाहून पाहून पडदा पाडला.

मालकीणबाई तरातरा आत आल्या. "कुणाचं चुकलं?"

"माझं," लेक पटकन म्हणाली. "मी टाच वाजवायला विसरले." बापाकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. यंत्रवाल्यांची धमकी तिला ठाऊक होती ना.

"एवढं साधं लक्षात राहत नसेल, तर तू मागच्या रांगेतच बरी," मालकीणबाई म्हणाल्या आणि वळल्या.

ह्यांनी दोराला नीट गाठ मारली. हात पुसले. आणि पुढं आले. "तिनं टाच वाजवली होती," म्हणाले. "मला ऐकू आली. हात उठला नाही."

"का?"

"मी गाणं ऐकत होतो."

मालकीणबाई आणखी जवळ आल्या. "इतकी वर्षं कंपनीत काढलीत आणि आज ऐकायला लागलात? ढगोबा, दोर धरणारा असा हरवला, तर वरचा माणूस खाली येईल."

"म्हणूनच सांगतोय," हे म्हणाले. शब्द सुटे सुटे येत होते. "भूमिका तिला द्या. आणि ती वर असेल तेव्हा दोर माझ्या हातात देऊ नका. उद्या परत असंच होईल. ती गायला लागली की मला मोजता येणार नाही."

लेकीनं ओढणी तोंडाला लावली. मालकीणबाईंनी एकदा तिच्याकडे, एकदा दोराच्या गाठीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "दोर पडदेवाल्याला शिकवा. बाकीच्या नाटकांचे ढग तुमचेच. पण ह्या नाटकाला आत पाऊल टाकायचं नाही. समोर बसायचं."

मग काय, आठवडाभर आमच्या घरात पडदेवाला. तुळईला कप्पी, कप्पीला दोर, दोराला काठोकाठ भरलेली बादली. थेंब सांडला की परत पहिल्यापासून. "माझी पोर आहे त्यात, बादली नाही," हे त्याच्यावर खेकसायचे. फरशी पुसून पुसून माझ्या कमरेचा काटा ढिला झाला. शेवटी बादली न सांडता वर गेली, तेव्हा ह्यांनी पडदेवाल्याला जेवू घालूनच सोडलं.

पुढच्या प्रयोगाला आम्ही दोघं समोर बसलो. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि हात कुठं ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं. शेवटी माझ्याच मांडीवर ठेवले. लेक गायला लागली. कडवं आलं, टाच वाजली आणि कोर अलगद उठली, पोरीला घेऊन तरंगत तरंगत वर निघाली. ह्या माणसाला मी आयुष्यभर घालूनपाडून बोलले, आणि इतकी देखणी गोष्ट त्यानं हातानं घडवली होती. मला अभिमानानं भरून आलं. टाळ्या थांबेनात. मी डोळे पुसले आणि ह्यांच्याकडे वळून म्हटलं, "बघितलंत का, कसा गेला तुमचा चंद्र?"

हे डोळे घट्ट मिटून अजून गाण्यातच होते. ते उघडून गोंधळून माझ्याकडे बघत म्हणाले, "गेला का वर?"