कागदावर आलेली भातशेती

माझे वडील आणि शेठकाका व्हिडिओ गेम खेळतात, असं ऑफिसात सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "मोबाइलवर ना? पत्त्यांचा?" मोबाइलवर नाही आणि पत्त्यांचाही नाही. साठी कधीच ओलांडलेली ही दोन माणसं टीव्हीला मशीन जोडतात, चष्मा नाकावर खाली ओढतात आणि गाड्या पळवतात, किल्ले जिंकतात, क्रिकेटच्या मॅचमध्ये अंपायरला शिव्या देतात. अंपायर कॉम्प्युटरचा असतो, त्यामुळे तो बिचारा ऐकून घेतो.

मशीन मूळचं माझं. लग्न होऊन मी बेलापूरला गेले तेव्हा ते कोपरखैरण्याच्या घरीच राहिलं. नवी सून आल्या आल्या टीव्हीला वायरी जोडत बसली तर कसं दिसेल, या विचाराने मी ते नेलं नाही. पुढे बाबा रिटायर झाले आणि दिवसभर स्वयंपाकघरात लुडबूड करायला लागले. डाळीचे डबे उंचीप्रमाणे लावून झाल्यावर आईची सहनशक्ती संपली. एका दुपारी तिने त्यांना त्या मशीनसमोर बसवलं आणि सांगितलं, "हे शिका. माझ्या डब्यांना हात लावू नका." बाबा शिकले. आयुष्यभर फायलींवर शेरे मारणारा माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी रेसिंगमध्ये पहिला यायला लागला.

शेठकाका बोनकोड्याचे. गावाच्या कडेला त्यांची बिल्डिंग आहे आणि तिच्यात आम्ही मी शाळेत असताना भाड्याने राहायचो. बाबांनी पुढे जवळच्याच सोसायटीत फ्लॅट घेतला, पण काकांचं येणंजाणं सुटलं नाही. ते बाबांना 'साहेब' म्हणतात. बाबा सरकारी ऑफिसात क्लार्क होते, साहेब कधीच नव्हते, हे त्यांनी काकांना अनेकदा सांगून पाहिलं. काकांनी ते मनावर घेतलं नाही. बाबांना गेम खेळताना पाहून त्यांनी तसंच मशीन आणलं, टीव्ही मात्र आमच्या दुप्पट.

तेव्हापासून गेमच्या डिस्कची देवाणघेवाण सुरू झाली आणि तिचे दोन नियम ठरले. पहिला नियम आईने घातला. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, तर गेमचा बॉक्स तरी रिकाम्या हाताने का द्यायचा? म्हणून बॉक्ससोबत पिशवीत शेंगदाण्याच्या चटणीचा डबा जायचा. काकूंनी हा नियम अगदी शब्दशः घेतला. त्यांनी सुकटीची पुडी थेट बॉक्समध्येच, डिस्कच्या समोरच्या बाजूला बसवून पाठवली. त्या रेसिंग गेमला अजून वास येतो.

दुसरा नियम काकांचा. ज्याने गेम विकत घेतला त्याने आधी खेळायचा नाही. काकांच्या घरी भात निघाला की नवे तांदूळ आधी शेजारी द्यायचे आणि मग आपण शिजवायचे, अशी रीत होती. शहर वसवायला सरकारने शेती घेतली, रीत राहिली. त्यामुळे काका नवा गेम आणायचे आणि न उघडता, वरच्या प्लास्टिकसकट बाबांच्या हातात ठेवायचे. बाबांचा खेळून झाला की तो काकांकडे जायचा. बाबांनी आणला तर उलट. यात कधी खंड पडला नाही.

आई गेली आणि त्या येण्याजाण्याला वेगळंच वजन आलं. बाबा मुळात कमी बोलणारे. सोसायटीच्या मीटिंगला जातात, सही करून परत येतात. मी फोन केला की "जेवलो, बरं आहे, ठेव" एवढंच. काका यायचे तेव्हा मात्र त्यांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू यायचा. चटणी आता बाबाच मिक्सरमध्ये करायला शिकले होते, आणि ती ते स्वतः खाण्यासाठी करत नव्हते. काका येईनासे झाले तर बाबांचं काय होईल, हा विचार मी मुद्दाम करत नसे. मला भीती वाटायची.

मग शेतीचा तो गेम आला. ट्रॅक्टर चालवायचा, नांगरणी करायची, पीक विकायचं. त्याचा आधीचा भाग दोघांनी झिजेपर्यंत खेळला होता. काकांची एकच तक्रार होती. सगळा गहू आणि मका, भात कुठे आहे? नव्या भागात भातशेती आहे असं कळल्यापासून त्यांना धीर धरवेना. वाशीच्या दुकानात गेम आला त्याच दिवशी त्यांनी तो आणला. आणि एवढी ओढ असूनसुद्धा प्लास्टिक न फाडता तो बाबांना देऊन गेले. "तुमी पेरा आधी," म्हणाले.

बाबांनी मला ऑफिसात फोन केला. आवाज गंभीर होता. "बॉक्समध्ये डिस्कच नाही. दुकानदाराने फसवलं शेठला."

"आत काय आहे?"

"एक कागद आहे. त्यावर आकडे आणि इंग्रजी अक्षरं."

मी त्यांना समजावलं की हल्ली असंच येतं. बॉक्स असतो, वर चित्र असतं, आत फक्त कोड. तो मशीनमध्ये टाकला की गेम इंटरनेटवरून आपोआप उतरतो. बाबांना ते मुळीच पटलं नाही. वस्तू नाहीच तर बॉक्स कशाला, असं त्यांनी विचारलं. समोर माझे बॉस उभे होते, म्हणून मी घाईघाईत म्हटलं, "टाका कोड आणि खेळा." हा कोड एकदाच चालतो, ज्याच्या खात्यात गेला त्याचाच गेम होतो, हे मला माहीत होतं. पण दोन घरांच्या मधल्या त्या नियमाशी त्याचा काही संबंध आहे, हे त्या घाईत डोक्यातच आलं नाही.

बाबा मनापासून खेळले. खेळून झाल्यावर त्यांनी तो कागद जपून परत बॉक्समध्ये ठेवला, ताजी चटणी केली आणि पिशवी काकांकडे पोचवली. त्यांच्या हिशोबी सगळं रीतीप्रमाणे झालं होतं.

त्यानंतर काका आले नाहीत. बाबांनी फोन केला तर उचलला नाही. दुसऱ्यांदा केला तर काकूंनी उचलला आणि ते झोपलेत म्हणाल्या. बाबांनी तिसऱ्यांदा केलाच नाही. मी घरी गेले की मशीनवर टॉवेल टाकलेला दिसायचा. चटणीची बरणी भरलेली, वरचं तेल सुटलेलं. मी विचारलं तर म्हणाले, "शेठ कामात असतील. बिल्डिंगच्या गच्चीचं काम काढलंय." मी येताना बिल्डिंगवरूनच आले होते. गच्चीवर कपडे वाळत होते.

शेवटी मी सरळ बोनकोड्याला गेले. काका बाहेर गेले होते. काकूंनी चहा टाकला आणि मी न विचारताच सांगायला लागल्या.

"त्या कागदावरचा लंबर यांनी तीनदा टाकला. मशीन बोलतंय, ह्यो वापरलाय. मंग सुनेला विचारला. ती बोलली, साहेबांनी घेतला, आता आपल्याला नाय मिलायचा."

"काकू, बाबांना माहीत नव्हतं."

"मना कलतंय गो. पन यांच्या डोक्यात दुसराच हाय. हे बोलतान, जमिनी गेल्या तवा पन असाच झाला. हातान कागद, आनि जमीन दुसऱ्याची. तवा पन शिकलेली मानसाच समोर बसलेली."

मी चहा तसाच ठेवला. राग यावा असं कुणी काही वागलंच नव्हतं, तरी मला राग आला. त्या बॉक्सचा आला. तळहाताएवढ्या एका कागदाने या माणसाला कुठे नेऊन सोडलं होतं!

बाबांना सांगताना मी काकूंचं शेवटचं वाक्य गाळणार होते. पण मग न गाळता सांगितलं.  मीच उपाय सुचवायला लागले. म्हटलं, आपण तसाच दुसरा गेम आणू, नवा कोड येईल, तो काकांना देऊ.

"म्हणजे दुसरा कागद देऊ त्यांना?" बाबा म्हणाले.

ते उठले, मशीनवरचा टॉवेल काढला आणि वायरी सोडायला लागले. कुठली वायर कुठे लागते हे लक्षात राहावं म्हणून प्रत्येक वायरीला त्यांनी चिकटपट्टीचा तुकडा लावला. मशीन टॉवेलात गुंडाळून बाजाराच्या पिशवीत घातलं. मी म्हटलं मी धरते, तर दिलं नाही. रिक्षात ते पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि प्रत्येक खड्ड्याला तिला दोन्ही हातांनी वर उचलत होते.

काका हॉलमध्ये बातम्या बघत होते. बाबांना पाहून उठले नाहीत, नुसतं "या" म्हणाले. बाबांनी पिशवी टीव्हीसमोर ठेवली.

"शेठ, गेम या मशीनच्या पोटात गेलाय. मला तो बाहेर काढून देता येत नाही. म्हणून मशीनच आणलं."

काकांनी बातम्यांचा आवाज बारीक केला. "साहेब, कागद वाचायचा काम तुमचा. मना वाटला, तुमाला म्हायती असल."

"जन्मभर कागदच वाचले. हा नाही वाचला." बाबा मशीनवरचा टॉवेल सोडवत म्हणाले. "तुम्हाला फसवायचं असतं तर चटणी कशाला केली असती?"

 काका काकूंकडे वळून म्हणाले, "चटनी बरी व्हती." आणि उठून टीव्हीच्या मागे वायरींची जागा शोधायला लागले.

गेम सुरू झाला. बाबांनी लावलेलं शेत पडद्यावर आलं आणि काकांच्या तोंडाचा पट्टा सुटला. "ह्यो काय, साहेब? इतका पानी? रोपा कुजतील ना."

"गेममध्ये कुजत नाहीत."

"गेमला नाय कलत, पन आपल्याला कलतंय ना!"

त्यांनी गेमचा रिमोट घेतला आणि शेतातलं जादा पाणी बाहेर सोडायला लागले. बांध कुठे हवा, खाडीच्या बाजूचं खारं पाणी कसं अडवायचं, त्यांच्या वडलांची शेतं आताच्या कुठल्या सेक्टरखाली गेली, हे सगळं ते पडद्याकडे बघत सांगत होते. बाबा मध्येमध्ये चुका काढत होते. काकांना बटणं नीट दाबता येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. दोघांचा आवाज चढला तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

बाहेर दिवे लागले. मला बेलापूर गाठायचं होतं, घरी स्वयंपाक व्हायचा होता. मी म्हटलं, "बाबा, चला, निघू या. मशीन इथेच राहू दे. तुम्हाला घरी सोडून मी पुढे जाते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "तू जा," म्हणाले. "घरी जाऊन मी एकटा काय करू?"

आई गेल्यापासून 'एकटा' हा शब्द त्यांनी माझ्यासमोर उच्चारला नव्हता. मी विचारलं की "बरं आहे" म्हणायचे, आणि मीही ते खरं मानून फोन ठेवायचे. मी दाराशी तशीच उभी राहिले.

काकांनी पडद्यावरची नजर न काढता उजवीकडे सरकून सोफ्यावर जागा केली. "ऱ्हाऊ दे गो त्यांना," ते मला म्हणाले. "अजून अर्धा शेत लावायचा हाय."