खुनी मोठाच हवा

बेरिल टॅपसेलच्या तोंडी लागू नये, हे लंडनमधल्या पॉपलरच्या बाजारात शेंबडं पोरही सांगेल. बटाटा दाबदाबून बघणाऱ्या गिऱ्हाइकाला ती म्हणायची, "मालिश करायला ठेवलाय का तो? घ्यायचा तर घे, नाहीतर ठेव खाली, राजा." चाळीसेक वर्षं तिने एकाच कोपऱ्यावर भाजी विकली. नवऱ्याने एकदा तिचं मनगट मोडलं, तेव्हा प्लास्टरमधल्या हातानेच तिने त्याचे कपडे खिडकीतून रस्त्यावर फेकले आणि बापाचं आडनाव परत लावून मोकळी झाली. लोक तिला तोंडाळ म्हणायचे. म्हणोत बापडे. जी माणसं तिच्या वाट्याला आली त्यांच्या मानाने ती कमीच बोलली, असं माझं मत आहे.

तिची पणजी जेन १८८७ साली लाइमहाउसच्या एका अंगणात गळा चिरून मारली गेली. घरी बसून काड्यापेट्यांची खोकी चिकटवणारी, दोन लेकरांची आई. खुनी सापडला नाही. त्या रात्री गल्लीतला गॅसचा दिवा बंद होता, एवढ्यावरून पेपरवाल्यांनी खुन्याला 'दिवेवाला' करून टाकलं, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आज त्या भागात दिवेवाल्याच्या नावाचे मग मिळतात, टोप्या मिळतात, कंदील घेऊन फिरवून आणणारे वाटाडे मिळतात. जेन मात्र गरिबांच्या खड्ड्यात पुरलेली, वर साधा दगड नाही. दरवर्षी मातृदिनाला बेरिल फुलं घेऊन जायची आणि त्या गवतात ती नेमकी कुठे ठेवावीत हेच तिला कळायचं नाही.

या खुनाचं एक मंडळही आहे. दर नोव्हेंबरात एका पबच्या माडीवर जमायचं, कणकेच्या कवचात मटण भरून भाजलेला 'पाय', कुस्करलेला बटाटा आणि वर तो हिरवा पार्स्लीचा रस्सा हाणायचा, बिअर प्यायची आणि खटला चालवायचा. नियम एकच, पण पक्का: दरवर्षी संशयित नवा पाहिजे. एकदा घेतलेलं नाव पुन्हा घ्यायचं नाही. नवरा, शेजारी, गोदीतले हमाल असली साधी माणसं पहिल्याच वर्षी निकालात निघाली. पुढे डॉक्टर संपले, मग चित्रकार, मग सरदार. आता तीस वर्षांनी बिचाऱ्यांची भलतीच ओढाताण व्हायची.

यंदा मंडळाने जेनच्या दगडासाठी वर्गणी जमवली. कबरस्तानाला वंशजाची सही हवी होती, म्हणून मंडळाचे अध्यक्ष लायनेल क्रॅबट्री, दातांचे निवृत्त डॉक्टर, स्वतः बेरिलच्या गाडीवर आले आणि फ्लॉवरचा गड्डा चाचपत म्हणाले, "बाई, यंदाच्या जेवणाला तुम्ही मुख्य पाहुण्या." बेरिलला इतका आनंद झाला की तो गड्डा तिने फुकट दिला. बाजारातल्या बायकांना हे खरं वाटेना.

ती ठेवणीतला निळा कोट घालून गेली. सुरुवातीला हसलीसुद्धा. कंदील घेऊन पर्यटक फिरवणारा डेझमंड उभा राहिला आणि त्याने एका बिशपचं नाव घेतलं. म्हणे बिशपला झोपेत चालायची सवय होती.

"अहो, पण त्याच्या गुडघ्यात वात होता," फिलिपा मॉट म्हणाली. ती या खुनावरच पुस्तकं लिहायची. "अंगणाची भिंत चढला कसा?"

"झोपेत गुडघे दुखत नाहीत."

"माझे दुखतात," बेरिल म्हणाली, आणि सगळी माडी हसली.

फिलिपाची संशयित एक सरदारीण होती, पुरुषी वेशात हिंडणारी. ती बाद झाली, कारण त्या रात्री ती इटलीत होती. फिलिपाचं म्हणणं, इटलीतली तिची जुळी बहीण. लायनेलनी तर कमालच केली. त्यांचा खुनी फुग्यातून उडणारा साहसवीर, दोर सोडून अंगणात उतरला, म्हणून चिखलात पाऊल उमटलं नाही. मग वाऱ्याची दिशा निघाली, दोराची लांबी निघाली. वरून उतरणारा माणूस सुरी डाव्या हातात धरेल की उजव्या, यावर खल सुरू झाला, आणि डेझमंडने 'पाय'च्या तुकड्यावर चमचा फिरवून वार कसा बसला असेल ते करून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बेरिलने ताट बाजूला सारलं. जिच्या गळ्याबद्दल हे चाललं होतं ती तिच्या घरातली बाई होती, आणि या माडीवर त्याचं कुणालाही काही नव्हतं.

तेवढ्यात लायनेलनी दगडाचं चित्र उलगडून तिच्यापुढे ठेवलं. वर कोरलेला कंदील. खाली ठळक अक्षरांत: 'लाइमहाउसच्या दिवेवाल्याचा बळी'. त्याच्याखाली, चष्मा लावल्यावर दिसेल इतक्या बारीक अक्षरांत: जेन टॅपसेल.

"इथे सही करा," लायनेल म्हणाले.

बेरिलच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हा दगड कुणाचा?" तिने विचारलं. "तिचा की त्याचा?"

"तसं नाही बाई. दिवेवाला नसेल तर बघायला येणार कोण?"

"दिवेवाला, दिवेवाला! अरे, तो दिवा पंधरवडाभर बंद होता. सगळ्या गल्लीला माहीत होतं. ती बाई अंधारात मेली, तर तुम्ही मारणाऱ्याला कंदील दिलात हातात." तिचा आवाज चढला. "मी सांगते खुनी. लिहून घ्या. आल्फ्रेड टॅपसेल. तिचा नवरा, गोदीतला हमाल. माझा पणजा."

मग डेझमंड खजील होऊन म्हणाला, "तो नाही चालणार, काकू. तो पहिल्या वर्षीच झाला. नियम आहे ना."

"आणि तो त्या रात्री दारूच्या गुत्त्यात होता," फिलिपाने जोडलं. "बारा साक्षीदार आहेत."

"बाराही जणांना दारू कुणी पाजली होती? त्यानेच. वरच्या खोलीतल्या हॅनिगनबाईने सगळं ऐकलं होतं. पोलिसाला सांगायला गेली, तर तो म्हणाला, नवराबायकोचं भांडण आहे, तू मध्ये पडू नकोस. मग तिनेच ती पोरं वाढवली आणि मोठी झाल्यावर त्यांना खरं काय ते सांगितलं. माझ्या आजोबांनी आत्याला सांगितलं. आत्याने मला कधी सांगितलं, माहीत आहे? माझं मनगट मोडलं तेव्हा. म्हणाली, बरं झालं निघालीस, आपल्यातल्या एकीला निघता आलं नव्हतं."

"वाईट झालं खरंच," लायनेल हळू आवाजात म्हणाले. "पण बाई, कुठल्या पुस्तकात नाही हे, पुरावा नाही. शिवाय नवरा म्हटलं की..." ते अडखळले. "त्यात मजा काय उरते?"

"मजा!" बेरिल उभी राहिली. "बिशप उडवला, सरदारीण उडवली, फुग्यातून माणूस उतरवला. भाजीवालीच्या पणजीला मारायला तुम्हाला कुणी बडं माणूसच लागतं. बायकोला बदडणारा हमाल चालत नाही, का, तर तसले फार असतात. माझ्या मोहल्ल्यात विचारा किती आहेत ते. तुमच्या या नियमाने तो पहिल्याच वर्षी सुटला, आणि तीस वर्षं तुम्ही त्याच्या नावाने बिअर पिताय."

तिने लायनेलच्या खिशातलं पेन ओढून घेतलं आणि त्या चित्रावरचा कंदील खोडला. ठळक ओळ खोडली. मग 'टॅपसेल'ही खोडलं.

"अहो, ते का?" लायनेल कळवळले. "ते तर तिचं नाव."

"ते त्याचं नाव. ती माहेरची जेन पेलो. एवढंच कोरा: जेन पेलो. मी आत्ता सही करते."

"पण टॅपसेल तर तुम्हीसुद्धा आहात."

"मला काय सांगता! नवऱ्याचं नाव टाकलं, बापाचं म्हणून हे घेतलं, आणि हे कुणाचं ते मग कळलं. जन्मभर त्या खुन्याच्या नावाने भाजी विकतेय मी. निदान तिला तरी त्यातून सोडवा."

मंडळाच्या रीतीप्रमाणे मत घेतलं गेलं. बेरिलच्या बाजूने एकट्या डेझमंडचा हात वर झाला, तोही अर्धा. दिवेवाला नसलेल्या दगडाला वर्गणीदार कबूल होणार नाहीत, असं ठरलं. बेरिलने सही केली नाही. जिन्यावरून उतरताना तिने ऐकलं, वर फुगेवाल्याला यंदाचा खुनी जाहीर करत होते. कोट सावरत ती अंधाऱ्या रस्त्याला लागली आणि घरी पोचेपर्यंत रागाने रडत होती. दगड हवा होता हो तिला. लहानपणापासून हवा होता, आणि स्वतःच्या हाताने घालवून आली होती.

दगड काही बसला नाही. अजूनही तिथे गवतच आहे.

पण त्याच हिवाळ्यात बेरिल वकिलाकडे गेली, आणि एका सोमवारी तिच्या गाडीवर नवी पाटी लागली: बेरिल पेलो, ताजी भाजी. शेजारचा मासेवाला पाटी वाचून खो खो हसला.

"काय ग बेरिल, या वयात लग्न केलंस?"

"नाही राजा," ती गाजरं रचत म्हणाली. "काडीमोड घेतला. जेनला घेता आला नव्हता, तो मी घेतला."