ढोलकीवाल्याची सही

आमच्या जुन्या संग्रहातल्या चित्रफिती आता इंटरनेटवर आल्या आहेत. त्या कुणालाही उतरवून घेऊ द्याव्यात, की हक्कांच्या भानगडीपायी नुसत्या पाहू द्याव्यात, यावर तिथे वाद चालू आहे. जुना माणूस म्हणून माझं मत विचारलं आहे. द्याव्यात, एवढंच माझं मत. ते का, हे सांगायला मात्र मी फार उशीर केला.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. नागपुरातल्या आमच्या कचेरीत लोककलांच्या व्हिडिओ कॅसेट माझ्या ताब्यात असत. भिवापूरकडच्या एका गावची दंडार, म्हणजे तिकडचं नाचगाण्याचं लोकनाट्य, आम्हीच जाऊन चित्रित केली होती. आठ जणांचा संच. पुढे त्यातल्या ढोलकीवाल्याची बायको माझ्याकडे आली. नवरा वारला होता आणि घरात त्याचा एकही फोटो नव्हता. चार वर्षांची मुलगी बाप कसा दिसायचा म्हणून सारखी विचारायची. बाईला कॅसेटची कॉपी हवी होती.

"कॉपीराइटचा प्रश्न आहे. आठही जणांच्या सह्या आणा," मी म्हणालो. असा नियम कुठेच नव्हता. ब्याद टळावी म्हणून मी तो तिथल्या तिथे रचला.

महिन्याभरात ती कागद घेऊन आली. त्यावर दोन सह्या, पाच अंगठे.

"आठवी?"

"आठवे तं तेच होते जी. त्यायची कुठून आणू?"

"मग नाही देता येत."

"काहून?" माझ्यामागे दोन व्हीसीआर जोडून ठेवले होते. साहेबांच्या घरच्यांसाठी एक हिंदी सिनेमा मी उतरवत होतो. पडद्यावरच्या नाचाकडे पाहत ती म्हणाली, "अन् या हिरोनं देली काय जी सही?"

शिपाई खो खो हसला. वारसाचा दाखला आणा, असं सांगून मी तिला वाटेला लावलं.

त्याच आठवड्यात साहेबांना आणखी एक सिनेमा हवा होता आणि कोरी कॅसेट नव्हती. कपाटात जुन्या कॅसेट पुष्कळ होत्या. शिपायाचं हसणं डोक्यातून जात नव्हतं. मी दंडारीचीच कॅसेट काढली आणि तिच्यावर सिनेमा घेतला. रजिस्टरात लिहिलं, 'बुरशीमुळे खराब'. आजच्या यादीतही तेच आहे. ते खोटं आहे.

ती दाखला घेऊन आली तेव्हा सोबत मुलगी होती, नव्या फ्रॉकमध्ये.

"कॅसेट खराब झाली," मी सांगितलं.

"खराबच दाखवा जी. मुंग्या-मुंग्या दिसल्या तरी चालते. त्यायची ढोलकी तं आयकू येईन."

दाखवायला कॅसेट होती कुठे? ती साहेबांच्या घरी गेली होती. मशीन चालू आहे, आत्ता जमणार नाही, असं काहीतरी मी पुटपुटलो.

"मंग मशीन खाली होईस्तोवर बसतो आम्ही," ती म्हणाली. दोघी बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. कचेरी सुटली तेव्हा मी मागच्या दाराने निघून गेलो.