आईच्या खोलीची मागची खिडकी

रिठदजवळच्या आमच्या मळ्यात घर बांधायला काढलं तेव्हा माझा मोबाइल खिडक्या-दारांच्या फोटोंनी भरला होता. सरकत्या काचा, मोराच्या नक्षीची ग्रिल, कमानी, काय नव्हतं! पण खरं विचाराल तर मला दोनच गोष्टी हव्या होत्या. चोर आत येऊ नये आणि आईला हवा मिळावी. आईला दमा. गावातल्या कोंदट भाड्याच्या खोलीत ती कित्येक वर्षं भिंतीला उशी लावून बसल्या बसल्याच झोपायची. आडवी झाली की जीव घाबरायचा.

त्यात शेजारच्या मळ्यातली पाण्याची मोटर चोरीला गेली आणि माझं धाबं दणाणलं. आईच्या खोलीला रस्त्याकडून एकच खिडकी ठेवा, असं मी गवंड्याला बजावलं. मागे वांग्यांचं वावर, तिकडे माणसाची जाग नाही. म्हणून तिकडे सलग भिंत.

चौकटी करायला रिसोडहून एक म्हातारे सुतारचाचा आले. टेप काढायच्या आधी त्यांनी खिशातून कापूस काढला. छोटे छोटे पुंजके दोऱ्याला बांधून प्रत्येक मोकळ्या खिडकीत एकेक टांगला आणि स्वतः विटांवर बसून राहिले. सकाळ गेली, जेवणं झाली, तरी बसलेच. माझं डोकं तापलं.

"चाचा, काम कवा सुरू करसान?"

"सुरूच हाय बेटा. पाह्य तं खरं."

पाहिलं. स्वयंपाकघरातला पुंजका डुलत होता, बैठकीतला तर नाचत होता. आईच्या खोलीतला मात्र गप लटकलेला. खिडकी घरातली सगळ्यात मोठी आणि समोर रस्त्यापलीकडे मोकळं रान, तरीही.

"हवेले यायाले वाट देल्ली तुमी," चाचा म्हणाले, "जायाले कोठी हाय? जायाले वाट नाई तं ते आत येईन कायले?"

मागची भिंत फोडा म्हणाले. मी भडकले. "खिडकी करून राह्यले का चोरासाठी दार?"

त्यांनी गवंड्याला मागच्या भिंतीतल्या फक्त दोन विटा काढायला लावल्या. दुसरी वीट निघाली, तसा समोरच्या खिडकीतला पुंजका थरथरला, उचलला गेला आणि खोलीच्या आत झुकून तसाच राहिला. हवा दिसत नाही असं मी जन्मभर धरून चालले होते. ती माझ्यासमोर खोलीतून चालत गेली. भांडायचं होतं, तेच विसरले.

मागची खिडकी झाली. चाचांनी सळ्या चौकटीच्या आरपार नेल्या, मूठही जाणार नाही इतक्या जवळ. मी स्वतः पहार लावून जोर करून पाहिला आणि घामाघूम झाले, सळी जागची हलली नाही. रस्त्याकडच्या खिडकीची ग्रिल मात्र त्यांनी आतून उघडणारी केली. आईला खाटेवर बसवून हात लांब करायला सांगितला आणि तो पोचला तिथे कडी लावली.

"चोराले अडवाच्या नादात घरच्याले कोंडू नोको, बेटा. आग लागली तं निंघायाले वाट पाह्यजे."

इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात कशी आली नव्हती, याची मला लाज वाटली.

राहायला गेल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी मी मिरच्या तोडून आले. आईच्या खोलीत डोकावले आणि दारातच थबकले. आई आडवी होती. पाठ टेकलेली, डोळे मिटलेले, हात बाजूला पडलेले. मी तिला असं कित्येक वर्षांत पाहिलंच नव्हतं. धावत जाऊन नाकाशी बोटं धरली.

श्वास येत होता. सावकाश, छातीतल्या शिट्टीशिवाय.

तिने डोळे किलकिले केले. "काहून उठवलं वं? किती सालांनी पाठ टेकली होती."

ती कुशीवर वळून पुन्हा झोपली. मी तिथेच खाली बसले, मिरच्यांचे हात डोळ्यांना लावले आणि पोटभर रडले.