कडूबाकाकांची सावड

ज्याच्याकडे एकच बैल, त्याला एकट्यानं नांगर धरता येत नाही. म्हणून आमच्याकडे सावड करत. दोन घरांनी एकेक बैल द्यायचा, जोडी करायची आणि दोन्ही शेतं आळीपाळीनं उरकायची. कन्नडजवळच्या आमच्या गावात माझे वडील रामकिसन आणि कडूबाकाका यांच्या घरांची अशी सावड होती.

पोलीस ॲक्शन झाली तेव्हा दोघं दहा-अकरा वर्षांचे होते. एकोणसाठ साली दोघं औरंगाबादला भरती झाले, तेही एकाच पलटणीत. सावड तिथंही चालू राहिली. सुट्टीची त्यांनी पाळी लावून घेतली होती. ज्याची पाळी, त्यानं गावी येऊन दोन्ही घरांची शेतं बघायची.

पासष्टच्या पोळ्याची पाळी वडिलांची होती. मी आईच्या पोटात होतो, तिचे दिवस भरत आले होते. कडूबाकाकांचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं होतं. त्यांनी भावाला पत्र टाकलं आणि भावानं कन्नडच्या पोस्टातून तार केली, ‘आई अत्यवस्थ, लगेच ये.’ त्यांची आई तेव्हा शेतात निंदत होती. पलटणीत अशा तारा पुष्कळ येत, पण वडिलांनी ती खरी मानली.

“तू जा,” ते म्हणाले. “मावशी दुखण्यात हाय. माझं लेकरू काय पळून जातंय व्हय?”

पोळा झाला. मी जन्मलो आणि त्याच आठवड्यात लढाई पेटली. सुट्ट्या रद्द झाल्या. काका सरहद्दीवर पोचले, तेव्हा वडील लढाईत पडून दोन दिवस झाले होते.

हे मला पुष्कळ उशिरा कळलं. मला ठाऊक असलेले काका वेगळे होते. चौऱ्याहत्तरला ते पेन्शन घेऊन गावी आले आणि आमच्या दारात उभे राहून आईला म्हणाले, “वहिनी, तुमचा बैल सोडा. सावड हाय आपली.” तेव्हापासून नांगर आधी आमच्या शेतात, मग त्यांच्या. पाऊस ओढ देवो की झड लागो, हा क्रम त्यांनी बदलला नाही. दुसरा बैल घेणं त्यांना सहज जमलं असतं. भागूकाकू त्यावरून चिडायच्या.

“मिलिटरीतून आलेला माणूस अन् एका बैलावर? लोक हसतात.”

“हसू दे. जोडी घेतली का सावड तुटती.”

ट्रॅक्टर आला तरी तो पहिल्यांदा आमच्याच बांधावर यायचा. मी शहरात राहून बी. कॉम. झालो, एका महाविद्यालयाच्या कार्यालयात लागलो. माझ्या आईला, सरूबाईला, शेत मोडावं लागलं नाही ते काकांमुळे.

सहा वर्षांपूर्वी काका डोळे तपासायला संभाजीनगरला आले आणि माझ्याकडे उतरले. जेवण झाल्यावर त्यांनी तारेची सगळी हकिकत सांगितली. थांबत थांबत, पण काही न गाळता.

“वहिनीला सांगायचंय. एकट्याचा धीर होत नाय. तू संगं चल.”

मी म्हणालो, “आता कशाला, काका? तिचं वय झालंय. बीपी आहे.”

“तू म्हणशील तसं,” ते म्हणाले आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

आईला बीपी होतं, ते खरं. पण ते कारण नव्हतं. या माणसानं हे ओझं घेऊनच मरावं, असं मला त्या दुपारी वाटलं होतं. ज्यानं आयुष्यभर आमची जमीन कसली, त्याच्याबद्दल.

काका मागच्या वर्षी गेले. दहाव्याला आम्ही नदीवर जमलो. पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते, खाली येईनात. मुलगा पुंजाराम हात जोडून सांगू लागला, “आप्पा, मायला अंतर देणार नाय.” कावळे हलले नाहीत. “आप्पा, बांधावरचा आंबा तोडत नाय.”

“मिलिटरीवाला हाय,” मागून कुणीतरी बोललं. “वरून हुकूम आल्याबिगर हलायचा नाय.”

दोघं-तिघं हसले. आई बायकांमध्ये बसली होती. मला पिंडापर्यंत दहा पावलं चालायची होती आणि एक वाक्य म्हणायचं होतं, ‘काका, मी आईला सांगतो.’ ऊन चढलं. पुंजारामनं माझ्याकडे पाहिलं. “तुमच्याशी लई बोलायचे. त्यांचं काही राह्यलं होतं का, दादा?”

मी मान हलवली. नाही.

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक उठले.

परतताना आई गाडीत माझ्या शेजारी होती.

“कडूबा भावजींसारख्या माणसाचं काय राह्यलं असंल रं?” ती म्हणाली. “आपल्यासाठी एवढं केलं. आपल्याच्यानं व्हण्यासारखं असतं, तर केलं असतं.”

“माहीत नाही, आई,” मी म्हणालो आणि गाडीची काच वर केली.