साहिपजमालच्या हातचा लगमान

व्याही इमिनजान अंगणातल्या खाटेवर बसायला नाही म्हणाला, तेव्हाच साहिपजमालला कळलं की तो आपल्या पोरीला न्यायला आलाय. चेलेक गावच्या उइगुर मोहल्ल्यात बसलेल्यापुढे ताट येतंच, आणि ज्या घरचं अन्न तोंडात गेलं, त्या घराशी भांडून उठता येत नाही. म्हणून भांडायला आलेला माणूस उभाच राहतो.

साहिपजमाल ही साठी ओलांडलेली विधवा. तिच्या हातचा लगमान, म्हणजे पीठ हाताने ओढून केलेल्या लांब दोऱ्यांचं जेवण, मोहल्ल्यात वजनमापासारखा वापरात होता. दुसऱ्या कुणाचे दोरे चाखून बायका फक्त ते तिच्याहून किती कमी, एवढंच ठरवत. हा मान तिने कधी मागितला नव्हता, आणि सोडायचीही तिला घाई नव्हती. तिने कुणाची माफी मागितल्याचं कुणाला आठवत नाही. तशी वेळ अनेकदा आली होती, असं तिचा नवरा जाईपर्यंत सांगत असे.

गेल्या आठवड्यात बायकांचा महिन्याचा चहा तिच्याकडे होता. ताटात लगमान आला तो तुटका, बोटभर तुकड्यांचा. बायकांनी तुकडे उचलून पाहिले. मग साहिपजमालच म्हणाली की सुनेच्या हाताला अजून वळण नाही, माहेरी बहुतेक पाकिटातला खात असतील. बायका हसल्या. सून मुनव्वर चहा ओतत होती, ती ओतत राहिली. ते हसणं दोन दिवसांत तिच्या माहेरच्या गावी पोचलं. जे पोचलं नाही ते असं, की ते पीठ ओढलं होतं साहिपजमालने. तिच्या उजव्या मनगटातला जोर कधीच गेला होता आणि हे फक्त सुनेला माहीत होतं.

आता मुनव्वर आत बॅग भरत होती. मुलगा पेरहात पंप घेऊन सासऱ्याच्या गाडीच्या चाकात हवा भरत होता. आपल्या बायकोला घेऊन जाणारी गाडी वाटेत अडू नये, एवढीच काळजी त्याला सुचली होती.

"दोन घास खाऊन निघा, व्याही," साहिपजमाल म्हणाली.

"भूक नाही, विहीणबाई."

"तुमची कोण विचारतंय? पोरगी उपाशी निघणार का?"

 बॅग भरून होईपर्यंत थांबतो, असं इमिनजान म्हणाला.

संध्याकाळसाठी मळलेलं पीठ तेल लावून, वळ्या घालून झाकून ठेवलेलं होतं. तिने पाणी उकळत ठेवलं, वळी उचलली, दोन्ही हातांवर गुंडाळली आणि ओट्यावर आपटली. तुटली. दुसरी ओढली, तीही तुटली. सुरी हाताशीच होती. सगळं बारीक चिरून टाकलं असतं तर चिरलेला लगमान झाला असता. तोही लोक आवडीने खातात, आणि त्यात तुटण्याचा प्रश्नच येत नाही. तिने सुरी उचललीसुद्धा. मग तिने त्या सुरीने मांस चिरलं, आणि दोरे तुटले तसेच पाण्यात सोडले.

कढईतलं तेल धुरकटलं. त्यात गोमांसाच्या पातळ पट्ट्या गेल्या, मग कांदा, लसूण, सुक्या लाल मिरच्या. ठसका अंगणापर्यंत गेला आणि इमिनजान खोकला. आत बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. तिने ढोबळी मिरची आणि टोमॅटो एकदमच लोटले, जाळ वाढवला, थंड पाण्यातून काढलेले दोरे वर टाकून कढई हलवली, शिरका शिंपडला.

ताट तिने स्वतः नेलं. दारात मुनव्वर बॅग घेऊन उभी होती.

इमिनजानने ताटाकडे पाहिलं. "जाता जाताही माझ्या लेकीलाच राबवलंत का?"

"हे दोरे मी ओढलेत," साहिपजमाल म्हणाली. "आणि त्या दिवशीचेही."

पंपाचा आवाज थांबला.

इमिनजान लेकीकडे वळला. बोलली का नाहीस, असं त्याने विचारलं.

"मनगट आईंचं आहे, बाबा. त्यांनी सांगायचं. मी काय दवंडी पिटू?"

"मग आता काय करायचं?"

मुनव्वरने सासूकडे पाहिलं. "आई, हे तुम्ही अंगणात सांगितलंत. बायका हसल्या त्या चहाच्या वेळी. पुढचा चहा आयशेमकडे आहे. तिथे सांगाल?"

साहिपजमालने ताट डाव्या हातात घेतलं. आयशेमकडे सांगायचं म्हणजे त्या दिवसापासून मोहल्ल्याला दुसरं माप शोधावं लागणार होतं, आणि ते सापडायला वेळ लागणार नव्हता. आयशेमचे दोरे चांगले असत. तिने ही गोष्ट कधी मोठ्याने मान्य केली नव्हती.

"सांगेन," ती म्हणाली. "पण तिचा लगमान खाऊन झाल्यावर. आधी सांगितलं तर वाढतानाच डोक्यावर बसेल माझ्या."

मुनव्वर हसली नाही. तिने बापाला खाटेवर बसायला सांगितलं आणि ताट त्याच्यापुढे ठेवलं. तुटके दोरे त्याने भाकरीच्या तुकड्याने गोळा करून खाल्ले आणि तिखट जरा जास्त झालंय, असा अभिप्राय दिला. सासूने तो ऐकला नाही.

बॅग मुनव्वरने परत आत नेली, पण रिकामी केली नाही. आयशेमकडचा चहा होईपर्यंत ती भरलेलीच राहील, असं तिने सगळ्यांसमोर सांगितलं. कुणी हरकत घेतली नाही.